इंग्रजीतील अभ्यासविषयक शब्दसंपदा आणि मराठी विद्यार्थी : ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ची चिकित्सा

गोषवारा

उच्च शिक्षणात इंग्रजीतून वाचन-लेखन करण्यासाठी कोणते शब्द आवश्यक आहेत, या प्रश्नाचे बहुमान्य उत्तर म्हणून अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’कडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या यादीची पूर्वपीठिका, रचना आणि मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. यादी ग्रंथांतील शब्दांची वारंवारता मोजते. विद्यार्थ्याची अडचण मोजत नाही, हे तिचे मूलभूत वैगुण्य आहे. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिल्यास या यादीतील शब्दांचे चार वेगवेगळे गट पडतात आणि प्रत्येक गटाला वेगळे अध्यापन लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : अभ्यासविषयक शब्दसंपदा, शब्दयादी, शब्दकुटुंब, वारंवारता, परिभाषा, मराठी माध्यम.

१. प्रास्ताविक

मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण केलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत अथवा पदवीच्या स्तरावर वाणिज्य, विधी, व्यवस्थापन यांसारख्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या हाती प्रथमच इंग्रजीतील जाड संदर्भग्रंथ येतो. दैनंदिन व्यवहारातील इंग्रजी त्याला बऱ्यापैकी कळत असते. विषयाच्या पारिभाषिक संज्ञा शिक्षक वर्गात समजावून देतात आणि अनेकदा पुस्तकाच्या अखेरीस त्यांची सूचीही असते. अडचण येते ती या दोहोंच्या मधल्या शब्दांची. ‘अझ्यूम’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’, ‘व्हेअरअ‍ॅज’ हे शब्द कोणत्याही एका विषयाचे नसल्यामुळे ते शिकवण्याची जबाबदारी कोणत्याच विषयाच्या शिक्षकाकडे येत नाही. इंग्रजीच्या तासाला कथा-कविता शिकवल्या जातात आणि अर्थशास्त्राच्या तासाला अर्थशास्त्र. परिणामी प्रश्न समजला नाही म्हणून उत्तर चुकणे आणि विषय समजला नाही म्हणून उत्तर चुकणे, यांतील भेद उत्तरपत्रिका तपासताना दिसत नाही. दोन्ही ठिकाणी गुण सारखेच जातात आणि ‘विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे आहे’ एवढाच शेरा उरतो.

या मधल्या शब्दवर्गासाठी प्रस्तुत लेखात ‘अभ्यासविषयक शब्दसंपदा’ ही संज्ञा वापरली आहे. या शब्दवर्गाच्या सीमा निश्चित करण्याचे प्रयत्न गेली अनेक दशके होत आले असून कॉक्सहेड यांची यादी हा त्यांतील सर्वांत प्रभावी प्रयत्न होय. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत, शब्दसंग्रहाच्या सरावपुस्तकांत आणि परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षांच्या तयारीत तिचा आधार मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. मात्र जी यादी जगातील सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच आहे, ती मराठी विद्यार्थ्याच्या अडचणीचे कितपत निदान करू शकते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जाणे आवश्यक आहे.

२. पूर्वपीठिका

निवडक शब्दांच्या आधारे इंग्रजी शिकवण्याच्या विचाराचा एक महत्त्वाचा उगम भारतीय उपखंडात आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधील अधिकारी बंगालमध्ये कार्यरत होते. ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतात, तेव्हा ज्या टप्प्यावर त्यांचे शिक्षण थांबेल त्या टप्प्यापर्यंतच्या शिक्षणाचा काही उपयोग त्यांच्या पदरात पडला पाहिजे, असा विचार वेस्ट यांनी मांडला. विमा पॉलिसी मध्येच बंद केली असता मिळणाऱ्या रकमेवरून त्यांनी याला ‘सरेंडर व्हॅल्यू’ असे म्हटले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. या यादीचे एक वैशिष्ट्य विशेष नोंद घेण्याजोगे आहे. तिच्यात शब्दाची केवळ एकूण वारंवारता दिलेली नाही. एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांचे प्रमाणही टक्केवारीने दिलेले आहे.

विद्यापीठीय स्तरासाठी स्वतंत्र शब्दयाद्या तयार होऊ लागल्या त्या १९७० च्या दशकात. त्यांच्या दोन पद्धती होत्या. कॅम्पियन आणि एली (१९७१) तसेच प्रानिन्स्कस (१९७२) यांनी विद्यापीठीय ग्रंथांतील शब्दांची मोजणी केली. लिन (१९७३) आणि घडेसी (१९७९) यांनी मात्र वेगळा मार्ग पत्करला. विद्यार्थ्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्या शब्दांवर स्वतःच्या हाताने अर्थ लिहून ठेवले होते, ते शब्द त्यांनी गोळा केले. पहिली पद्धत ग्रंथाकडे पाहणारी होती, तर दुसरी वाचकाकडे. श्यू आणि नेशन यांनी १९८४ मध्ये या चारही याद्या एकत्र करून ८३६ शब्दांची ‘युनिव्हर्सिटी वर्ड लिस्ट’ सिद्ध केली. या यादीत दोन्ही दृष्टी एकत्र आल्या होत्या. मात्र मूळ याद्या लहान आणि परस्परांशी विसंगत नमुन्यांवर आधारलेल्या असल्याने तिच्या विश्वसनीयतेवर मर्यादा होत्या.

३. यादीची रचना आणि तिचे बलस्थान

न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टन येथे कॉक्सहेड यांनी ही उणीव दूर करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी ४१४ अभ्यासपर पाठांचा, सुमारे ३५ लाख शब्दांचा संगणकीय संग्रह तयार केला. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान असे त्याचे चार समान विभाग होते व प्रत्येक विभागात सात असे एकूण २८ विषय होते. यादीत समावेश होण्यासाठी तीन कसोट्या लावण्यात आल्या. शब्द वेस्ट यांच्या पहिल्या २,००० शब्दांबाहेरचा असावा. तो चारही विभागांत प्रत्येकी किमान दहा वेळा आणि २८ पैकी किमान १५ विषयांत आलेला असावा. आणि संपूर्ण संग्रहात त्याचे शब्दकुटुंब किमान १०० वेळा आलेले असावे. या चाळणीतून ५७० शब्दकुटुंबे निवडली गेली. वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने त्यांच्या दहा उपयाद्या करण्यात आल्या. पहिल्या नऊ उपयाद्यांत प्रत्येकी ६० आणि शेवटच्या उपयादीत ३० कुटुंबे आहेत.

या यादीचे बलस्थान तिच्या काटेकोरपणात आहे. तिने अभ्यासपर संग्रहातील १० टक्के शब्द व्यापले, तर तेवढ्याच आकाराच्या कथात्म साहित्याच्या संग्रहात तिची व्याप्ती केवळ १.४ टक्के भरली. म्हणजेच अभ्यासाच्या भाषेचा वेगळा असा एक थर इंग्रजीत आहे, हे तिने आकड्यांनी सिद्ध केले. शब्द निवडण्याची कसोटी उघड असल्याने तिची पडताळणीही करता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर तोवर शिक्षकाच्या अंदाजावर अवलंबून होते, तो प्रश्न तिच्यामुळे मोजमापाच्या कक्षेत आला. पुढील टीका हे श्रेय मान्य करूनच केलेली आहे.

४. यादीच्या मर्यादा

४.१ शब्दकुटुंबाचे गृहीतक

यादीचे एकक शब्द नसून शब्दकुटुंब आहे. मूळ शब्द, त्याची रूपे आणि उपसर्ग-प्रत्ययांनी साधलेले शब्द हे सर्व मिळून एक कुटुंब मानले जाते. यामागील गृहीतक असे की, कुटुंबातील एक शब्द येत असला की इतर शब्द ओळखणे फारसे अवघड नाही. ‘कॉन्स्टिट्यूट’ या कुटुंबावरून या गृहीतकाची परीक्षा करता येते. ‘कॉन्स्टिट्यूट’ म्हणजे ‘मिळून बनणे’. ‘कॉन्स्टिट्यूअंट’ म्हणजे ‘घटक’. ‘कॉन्स्टिट्यूअन्सी’ म्हणजे ‘मतदारसंघ’. ‘कॉन्स्टिट्यूशन’ म्हणजे राज्यशास्त्रात ‘संविधान’ आणि वैद्यकात ‘शरीरप्रकृती’. यादीत एका ओळीत मावणारे हे कुटुंब मराठी विद्यार्थ्याला मात्र चार-पाच स्वतंत्र शब्द म्हणूनच शिकावे लागते. ५७० हा आकडा त्यामुळे फसवा आहे. कुटुंबातील सदस्य वेगळे मोजल्यास शिकण्याच्या शब्दांची संख्या कितीतरी पटींनी वाढते.

याच संदर्भात अर्थभेदाचा प्रश्न येतो. वँग आणि नेशन यांनी २००४ मध्ये यादीतील समरूप शब्दांची तपासणी केली. परस्परांशी अजिबात संबंध नसलेले अर्थ एकाच रूपात एकत्र मोजले गेल्यामुळे यादीत आलेली कुटुंबे फार थोडी आहेत, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष यादीच्या बाजूचा आहे. तथापि विद्यार्थ्याला छळतात ते परस्परांशी दूरचे नाते असलेले अर्थ. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द ग्रंथालयात ‘खंड’ असतो आणि भौतिकशास्त्रात ‘आकारमान’. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ हा शोधनिबंधाचा ‘गोषवारा’ असतो आणि तत्त्वज्ञानात ‘अमूर्त’. ‘इश्यू’ म्हणजे ‘वादविषय’, नियतकालिकाचा ‘अंक’, विधीमध्ये ‘संतती’. वेस्ट यांनी अर्थनिहाय टक्केवारी देऊन जी दक्षता घेतली होती, ती या यादीत उरली नाही. मोजणीचे साधन प्रगत झाले. मोजण्याची वस्तू मात्र अधिक ढोबळ झाली.

४.२ जुन्या पायाचा परिणाम

यादीची उभारणी १९५३ च्या यादीवर झाली आहे. त्यापूर्वी जे शब्द सर्रास रूढ नव्हते, ते ‘सामान्य’ शब्दांत समाविष्ट होऊ शकले नाहीत आणि पुढे ‘अभ्यासविषयक’ म्हणून गणले गेले. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द ‘कॉम्प्यूट’ या कुटुंबातून यादीत आला, याचे कारण हेच. ‘जॉब’, ‘टीम’, ‘टेप’, ‘कपल’ हे शब्दही यादीत आहेत. याउलट ‘आर्ग्यू’, ‘क्लेम’, ‘डिस्कस’, ‘अकाउंट’ यांसारखे शब्द वेस्ट यांच्या यादीत असल्याने येथे वगळले गेले. वस्तुतः ‘अकाउंट फॉर’ म्हणजे ‘कारणमीमांसा करा’ आणि ‘डिस्कस’ म्हणजे ‘दोन्ही बाजूंचा परामर्श घेऊन चर्चा करा’, हे प्रश्नपत्रिकेच्या दृष्टीने कोणत्याही अभ्यासविषयक शब्दाइतकेच महत्त्वाचे आहे. सोपे दिसणारे शब्द अभ्यासाच्या संदर्भात कठीण होतात, ही शक्यताच या रचनेत विचारात घेतलेली नाही.

४.३ विषयांची निवड

संग्रहाचा निम्मा भाग वाणिज्य आणि विधी या दोन विभागांचा आहे. पहिल्या उपयादीत ‘एक्स्पोर्ट’, ‘फायनान्स’, ‘इन्कम’, ‘लेबर’, ‘लेजिस्लेट’ हे शब्द दिसतात, याचे एक कारण या निवडीत शोधता येते. यादीची व्याप्तीही वाणिज्य विभागात १२ टक्के आणि विज्ञान विभागात ९.१ टक्के अशी भिन्न आहे. कला विभागात शिक्षणशास्त्र, इतिहास, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय आहेत. साहित्यसमीक्षेला त्यात स्थान नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यक हे विषयही संग्रहाबाहेर राहिले. तेव्हा इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही यादी देताना ती त्याच्या विषयाच्या ग्रंथांवरून तयार झालेली नाही, हे सांगणे आवश्यक ठरते.

सर्व विषयांना समान असा शब्दसाठा खरोखर आहे काय, हा प्रश्न हायलँड आणि त्से यांनी २००७ मध्ये थेट उपस्थित केला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि सामाजिक शास्त्रे यांच्या संग्रहावर त्यांनी यादी तपासली. एकूण व्याप्ती १० टक्क्यांच्या आसपासच भरली. मात्र बहुसंख्य शब्द एखाद्या विषयात दाटीने आणि इतरत्र विरळ येतात, तसेच त्यांचे अर्थ आणि सोबतचे शब्दही विषयागणिक बदलतात, असे त्यांना दिसले. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द वाणिज्यात ‘मार्केटिंग’बरोबर, तर अध्ययनशास्त्रात ‘लर्निंग’बरोबर येतो. दोन्हीकडे शब्द एकच. पण विद्यार्थ्याने शिकायची गोष्ट एक नाही. गार्डनर आणि डेव्हीस यांनी २०१४ मध्ये १२ कोटी शब्दांच्या अमेरिकी अभ्यासपर संग्रहावरून नवी यादी तयार केली. तिच्यात शब्दकुटुंबाऐवजी शब्दाचे मूळ रूप आणि त्याचा व्याकरणिक वर्ग हे एकक मानले असून वेस्ट यांच्या यादीचा आधारही सोडला आहे. या नव्या यादीने वरील दोन दोष बऱ्याच अंशी दूर केले. परंतु तीही ग्रंथांचीच मोजणी करते. वाचक कोण, हा प्रश्न तिच्याही कक्षेबाहेर राहतो.

४.४ व्याप्तीचे गणित

वेस्ट यांची यादी कॉक्सहेड यांच्या संग्रहातील ७६.१ टक्के शब्द व्यापते. त्यात नव्या यादीचे १० टक्के मिळवल्यास ८६.१ टक्के होतात. म्हणजे दोन्ही याद्या पूर्णतः आत्मसात केलेल्या विद्यार्थ्यालाही सरासरीने दर सात शब्दांमागे एक शब्द यादीबाहेरचा भेटतो. यांपैकी काही पारिभाषिक संज्ञा आणि विशेषनामे असतात, हे खरे. तथापि हू आणि नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार कोणाच्याही साहाय्याविना वाचन पुरेसे समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. यादी पाठ केली की ग्रंथ वाचता येईल, ही अपेक्षा यादीच्या स्वतःच्याच आकड्यांना धरून नाही.

५. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीतून यादी

कॉक्सहेड यांच्याच नोंदीनुसार यादीतील ८२ टक्क्यांहून अधिक शब्द ग्रीक-लॅटिन मूळाचे आहेत. स्पॅनिश अथवा फ्रेंच भाषक विद्यार्थ्याला यांतील बरेच शब्द आपल्या भाषेतील शब्दांच्या साधर्म्याने ओळखीचे वाटतात. मराठी विद्यार्थ्याला ही सोय नाही. त्याच्या अभ्यासाच्या भाषेचे शब्द संस्कृतातून आले आहेत. म्हणून एकच यादी दोन भाषकांना समान कठीण असू शकत नाही. मराठी विद्यार्थी समोर ठेवून यादी वाचली असता तिच्यातील शब्दांचे पुढील चार गट दिसतात.

पहिला गट मराठीत रुळलेल्या शब्दांचा. ‘कॉम्प्युटर’, ‘एरिया’, ‘फॉर्म्युला’, ‘टीम’, ‘मेडिकल’, ‘लायसन्स’, ‘ग्रेड’ हे यादीतील शब्द खेड्यातील विद्यार्थीही रोज वापरतो. यांच्यावर वर्गातील वेळ खर्च करण्याचे कारण नाही. स्पेलिंगचा सराव तेवढा पुरेसा आहे.

दुसरा गट मराठीत रुळलेल्या, पण अर्थ बदललेल्या शब्दांचा. हा गट सर्वांत धोकादायक होय, कारण येथे विद्यार्थ्याला आपल्याला शब्द येतो असे वाटते आणि तो शब्दकोश उघडत नाही. मराठी बोलण्यात ‘फंक्शन’ म्हणजे समारंभ. गणितात तो ‘फलन’ असतो, समाजशास्त्रात ‘प्रकार्य’ आणि जीवशास्त्रात ‘कार्य’. मराठीतील ‘टेन्शन’ म्हणजे काळजी. भौतिकशास्त्रातील ‘टेन्शन’ म्हणजे दोरीतील ताण. ‘औषधाची रिअ‍ॅक्शन आली’ या वाक्यातील शब्द घेऊन विद्यार्थी रसायनशास्त्राच्या वर्गात येतो, तेव्हा प्रत्येक ‘रिअ‍ॅक्शन’ त्याला अपायकारक वाटू शकते. ‘उगाच इश्यू करू नका’ यातील ‘इश्यू’ भांडणाच्या जवळचा आहे; निबंधातील ‘इश्यू’ला भांडणाची छटा नसते. ‘लेक्चर’ हा शब्दही घरगुती मराठीत कंटाळवाण्या उपदेशासाठी वापरला जातो. कोणत्याही आंतरराष्ट्रीय यादीत या गटाची नोंद असणे शक्य नाही. ती मराठी भाषक शिक्षकालाच करता येईल.

तिसरा गट ज्यांना मराठीत सिद्ध तत्सम प्रतिशब्द आहेत अशा शब्दांचा. ‘कन्सेप्ट’ आणि ‘संकल्पना’, ‘कॉन्टेक्स्ट’ आणि ‘संदर्भ’, ‘अ‍ॅनालाइज’ आणि ‘विश्लेषण करणे’, ‘कंपाइल’ आणि ‘संकलन करणे’, ‘अझ्यूम’ आणि ‘गृहीत धरणे’ या जोड्या पाहाव्यात. येथे विद्यार्थ्याजवळ कल्पना आधीच आहे. केवळ तिचे इंग्रजी नाव नाही. शिवाय दोन्ही भाषांतील शब्दांची घडणही बोलकी आहे. ‘अ‍ॅनालिसिस’ या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘सोडवणे, मोकळे करणे’ हा अर्थ आहे, तर ‘विश्लेषण’ म्हणजे जोडलेले विलग करणे. ‘कॉन्टेक्स्ट’च्या लॅटिन धातूचा अर्थ ‘विणणे’, तर ‘संदर्भ’ ज्या ‘दृभ्’ धातूपासून आला त्याचा अर्थ ‘गुंफणे’. ‘कॉन्’ आणि ‘सं’ हे उपसर्ग व्युत्पत्तीच्या दृष्टीने एक नव्हेत, पण ‘एकत्र’ हा अर्थ देण्याचे त्यांचे कार्य समान आहे; ‘कॉन्स्टिट्यूशन’ला ‘संविधान’ हा प्रतिशब्द घडतो तो याच न्यायाने. काही ठिकाणी तर नाते सख्खे आहे. ग्रीक ‘पेरि’ आणि संस्कृत ‘परि’ हे एकाच कुळातील उपसर्ग असून शाळेच्या गणितातील ‘परिमिती’ व ‘पेरिमीटर’ या शब्दांत ते समोरासमोर येतात. लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ यांचेही नाते तसेच आहे. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांचे व्याकरण मराठी विद्यार्थी शाळेतच शिकलेला असतो. ते ज्ञान इंग्रजी शब्द उलगडण्यासाठी वापरायचे असते, हे मात्र त्याला सहसा सांगितले जात नाही.

या गटातही सावधगिरी हवी. ‘थिअरी’ला ‘सिद्धांत’ हा प्रतिशब्द रूढ आहे. पण न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत गणलेला ‘सिद्धांत’ म्हणजे प्रस्थापित, मान्य झालेले मत. आधुनिक विज्ञानातील ‘थिअरी’ पुराव्यांनी कितीही भक्कम झाली तरी नव्या पुराव्यासमोर तपासणीला खुली असते. ‘सिग्निफिकंट’चा ‘महत्त्वपूर्ण’ हा अर्थ संख्याशास्त्रात चालत नाही. तेथे ‘सार्थक’ फरक म्हणजे केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी असलेला फरक. तो व्यवहारात क्षुल्लकही असू शकतो. शोधनिबंधांतील अनेक अवास्तव निष्कर्षांचे मूळ या एका शब्दाच्या भाषांतरात असते.

चौथा गट तर्काचे सांधे जुळवणाऱ्या शब्दांचा. ‘हेन्स’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘देअरबाय’, ‘नन्-द-लेस’, ‘नॉट-विथ-स्टँडिंग’, ‘ऑल-बी-इट’ हे शब्द यादीत आहेत. शब्दकोशातील अर्थ पाठ केल्याने ते येत नाहीत, कारण त्यांची अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ आणि ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’ अशी जोडी असते. इंग्रजीत बहुधा एकच अव्यय येते आणि दुसरी बाजू वाचकाने ओळखायची असते. ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ लिहिण्याची आपल्याकडील चूक अज्ञानातून होत नाही. मराठीतील जोडीची सवय तेथे काम करत असते. हे शब्द सुटे न शिकवता दोन भाषांतील वाक्ये शेजारी ठेवून शिकवणे श्रेयस्कर ठरेल.

६. अध्यापनविषयक विचार

या वर्गीकरणावरून असे दिसते की, यादीच्या वारंवारतेचा क्रम आणि मराठी विद्यार्थ्याच्या अडचणीचा क्रम एक नाही. ‘पर्सेंट’ पहिल्या उपयादीत आहे आणि तो शिकवण्याची गरज नाही. ‘नॉट-विथ-स्टँडिंग’ शेवटच्या उपयादीत आहे आणि विधीच्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच महिन्यात हवा असतो.

येथे लिन आणि घडेसी यांच्या पद्धतीचे पुनःस्मरण उपयुक्त ठरते. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील क्रमिक व संदर्भपुस्तकांच्या पानापानांवर पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ आढळतात. ग्रंथपालांच्या दृष्टीने ही पुस्तकांची खराबी असते. अध्यापकाच्या दृष्टीने ती विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली नोंद आहे. विद्यार्थी कोणत्या शब्दापाशी थांबला आणि त्याने कोणता अर्थ लिहिला, हे दोन्ही त्यात सापडते. अर्थ बरोबर असेल तर शब्द तिसऱ्या गटातला. चुकीचा असेल तर बहुधा दुसऱ्या गटातला, अथवा ‘सिद्धांत’सारख्या निसरड्या प्रतिशब्दातला. अशी नोंद विषयवार गोळा करून कॉक्सहेड किंवा गार्डनर-डेव्हीस यांच्या याद्यांशी ताडून पाहिल्यास प्रत्येक विभागाला स्वतःची शब्दयादी तयार करता येईल. त्यासाठी मोठे अनुदान अथवा यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती विषयशिक्षक आणि भाषाशिक्षक यांची एकत्र बैठक.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. त्यांचा उपयोग प्रामुख्याने मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी होतो असे मानले जाते. प्रत्यक्षात मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते तितकेच उपयोगी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या वापरास प्रोत्साहन दिले आहे. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही संशोधनासाठी इंग्रजी ग्रंथांकडे वळावे लागणार असल्याने या दुहेरी शब्दसंपदेची गरज पुढील काळात वाढणारी आहे.

७. समारोप

‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ने अभ्यासाच्या इंग्रजीतील एका अदृश्य थराला दृश्य रूप दिले, हे तिचे योगदान निर्विवाद आहे. मात्र शब्दकुटुंबाचे एकक, १९५३ चा पाया आणि विषयांची मर्यादित निवड यांमुळे तिचे आकडे जपून वापरावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रंथांत शब्द किती वेळा येतो हे सांगणारी यादी विद्यार्थी कोठे अडखळतो हे सांगू शकत नाही. तिला अभ्यासक्रम मानणे चूक ठरेल. तिला कच्चा माल मानून मराठी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार तिची फेरमांडणी करणे योग्य ठरेल.

वेस्ट यांनी बंगालमध्ये उपस्थित केलेला प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. शिक्षण मध्येच थांबले तर विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? पहिल्या वर्षानंतर इंग्रजी पुस्तकाच्या धास्तीने विज्ञान अथवा वाणिज्य शाखा सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात ‘विषय आपल्याला झेपला नाही’ ही समजूत कायमची राहते. त्यांतील कित्येकांना विषय मराठीतून समजलेला असतो. ‘गृहीतक’ ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ‘अझम्प्शन’ हा शब्द वेळेवर सांगितला गेला असता, तर कदाचित त्याचा निर्णय वेगळा झाला असता. हा शब्द कोणत्या तासाला आणि कोणी सांगायचा, हे ठरवणे महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती आहे.